गार्डसाहेबांची मालगाडी

गार्डसाहेबांना कधी कुणी पुढे गेलेलं पाहिलं नाही. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसायचे. बँकेच्या रांगेत मागून कुणी धापा टाकत आला की "तुमी जा बापा, मले कायची घाई आहे," म्हणून बाजूला सरकायचे. आणि आमच्या रविवारच्या मोटारसायकलच्या फेरीत सहा गाड्या असल्या तर त्यांची गाडी हमखास सहावी. खरं तर सगळ्यांत दांडगं इंजिन त्यांचंच. मनात आणलं असतं तर आम्ही गोंदियाजवळचं गोरेगाव ओलांडायच्या आत त्यांनी पुढच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावर दोन चहा संपवले असते. पण तीस वर्षं रेल्वेत मालगाडीचा गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात काढलेला माणूस. रिटायर होऊन गोंदियालगत फुलचूरला घर बांधलं, दारात कढीपत्ता लावला, तरी "गार्डाची जागा मागं" हे काही डोक्यातून गेलं नाही.

त्यांच्या गळ्यात एक हिरवा रुमाल असे. अंगात कायम पांढरा सदरा, नोकरीतली सवय. रस्ता जिथे फुटेल तिथे सगळ्यांत पुढच्याने थांबायचं, हात वर करायचा आणि आरशात पाहायचं. मागून हिरवा रुमाल हलला की समजायचं, सगळे आले, आता निघा. फाट्यावर उभं राहून आरशात रुमाल शोधणारी आमची टोळी पाहून गोरेगावचे पानठेलेवाले हसत. सुरुवातीला आम्हीही हसलो. मग एका रविवारी आमगावचे पटले मास्तर पंक्चर होऊन मागे राहिले, आणि आम्ही निवांत भजी खात असताना गार्डसाहेब मास्तरांच्या शेजारी उन्हात तासभर बसून होते हे कळल्यावर हसणं बंद झालं. पुढे असायचो बहुतेक मी. गोंदियात माझं हार्डवेअरचं दुकान, म्हणून ते मला सेठ म्हणत. मला पुढे राहायची भारी हौस. ती हौस काय लायकीची होती ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

ती मोठी गाडी त्यांनी रिटायर झाल्यावर घेतली. लांबच्या प्रवासाची, रुंद टाकीची, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, रेड्यासारखी जड गाडी. तिला ते मालगाडी म्हणत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, महिनाभर अबोला धरला होता. "ह्या वयात लोक हातात जपमाळ घेते, आमचे हे हँडल घेऊन राहिले," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पण गाडी घेण्यामागे काकूच होत्या. गार्डसाहेबांनी तीस वर्षं मागे पळणारे रूळ पाहिले होते, समोरून येणारा रस्ता कधी पाहिलाच नव्हता. आणि काकूंना जगन्नाथपुरीला जायचं होतं. रेल्वेचा पास असताना ड्यूटीपायी जाणं झालं नाही. आता मालगाडीवरून जायचं, रायपूरवरून, मजेत, थांबत थांबत, असं ठरलं होतं. "पुरीले जातानी मी ड्रायवर आन् हे गार्ड," असं ते काकूंकडे बोट दाखवून म्हणत. काकू तोंडाला पदर लावून आत जात, पण चहात साखर जास्त पडे.

गाडीच्या पेटीत त्यांची एक वस्तू असायची. सागाची वीतभर रुंद फळी, तिला भोक पाडून सुतळी बांधलेली. कुठेही गाडी उभी करायची तर आधी फळी जमिनीवर, तिच्यावर साइड स्टँड, आणि निघताना बसल्या जागेवरून सुतळी ओढून फळी वर. आमच्याकडची जमीन धानाची. पावसाळ्यात वरून टणक दिसते आणि आत लोणी असते. "हे जमीन पायावाल्यायची आहे, चाकावाल्यायची नाही. तिले इचारल्याशिवाय गाडी उभी करू नोको," असं ते प्रत्येकाला एकदा तरी सांगत. मला शंभरदा सांगितलं असेल.

दुसरी सवय फेरी संपतानाची. परतताना फुलचूर नाक्यावर सगळ्या गाड्या थांबत, कारण तिथून ज्याची त्याची वाट वेगळी. हेल्मेट काढून ते एकेकाकडे पाहत आणि विचारत, "कोणाचं काही सांगायचं?" कुणाचा ब्रेक लागत नसे, कुणी गाय वाचवताना घसरलेला असे, कुणी सिग्नल तोडलेला असे. ते सगळं तिथे सांगून टाकायचं. सांगितलं की विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. काही नसेल तर "ऑल राइट" म्हणायचं. रुमाल हलायचा आणि आम्ही घरी जायचो.

या सवयीमागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. एका नवख्या ड्रायव्हरने झटका देऊन गाडी काढली आणि मधलं कपलिंग तुटलं. अर्धी गाडी पुढे, अर्धी मागे. चूक कुणाची ते गार्डाला दिसतंच, रिपोर्ट त्यालाच लिहायचा असतो. पण हे खडीतून चालत इंजिनापर्यंत गेले आणि त्या पोराच्या शेजारी नुसते बसून राहिले. "मी त्याले म्हणलं, पयले तू सांग, मंग मी लिहितो. पाऊण तास बसलो. तो रडला, मंग उठला आन् सोताहून स्टेशनात फोन केला." मी विचारलं, नसताच केला तर? गार्डसाहेब रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "तर अजून बसलो असतो. मानूस सोताहून सांगते तवा वाचते, सेठ. दुसऱ्यानं सांगतलं का फक्त सापडते."

मालगाडी चालवायला द्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो. अखेर एका रविवारी ते कबूल झाले. धानाच्या रोवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. बाकीचे पुढे निघून गेले, गोरेगावच्या पुढे आम्ही गाड्या बदलल्या. ते माझ्या साध्या गाडीवर, मी मालगाडीवर. "फळी पेटीत आहे," एवढंच त्यांनी सांगितलं.

मी फळी घेतली नाही. रस्त्याच्या कडेला बांधीत, धानाच्या पाणी भरलेल्या वाफ्यात, बायका रोवणी करत होत्या, पाण्यात आभाळ उतरलेलं, मला फोटो काढायचा होता. आपण या गाडीच्या शेजारी उभे आहोत असा फोटो, खरं सांगायचं तर. स्टँड कडेच्या मातीवर टेकवला, हेल्मेट आरशाला अडकवलं, पाच-सात फोटो काढले आणि ऐटीत टांग टाकली. तेवढ्या वेळात स्टँड मातीत निम्मा उतरला होता. मी बसलो तशी गाडी डावीकडे गेली, गेली आणि मला घेऊन बांधीत पालथी झाली. डावा पाय गाडीखाली, तोंड चिखलात, कानात, नाकात गाळ. मी आई गं म्हणून ओरडलो. रोवणीच्या बायका कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

गार्डसाहेब मागेच होते. मागे होते म्हणूनच मी वाचलो. बूट न काढता ते पाण्यात उतरले, गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर लावली आणि पायांच्या जोरावर उचलायला लागले. पडलेली गाडी अशीच उचलतात, त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. कोरड्या जमिनीवर ते जमतं. चिखलात त्यांचा पाय सरकला आणि तो सगळा भार उजव्या खांद्यावर आला. सुकी काडी मोडावी तसा आवाज मी ऐकला. त्यांनी गाडी सोडली नाही. "पाय काढ," म्हणाले. मी पाय काढला, मगच त्यांनी भार सोडला. पुढे चार बायकांनी हात लावून गाडी रस्त्यावर चढवली. त्यातली एक म्हणाली, "जनावर मोठं आन् चालवणारा लहान, असं कसं होईन, भाऊ?" मला तेव्हा तिचा राग आला.

टाकीला मोठा पोचा पडला होता, आरसा फुटला होता. त्या गाडीवर पुन्हा बसायची माझी हिंमत नव्हती. म्हणून कोहमाऱ्यापर्यंत मालगाडी त्यांनीच आणली, उजवा हात नुसता हँडलवर ठेवून. ढाब्यावर सगळे वाट पाहत होते. गार्डसाहेब हात धुवायला नळावर गेले आणि पटले मास्तरांनी टाकीवरून बोट फिरवत विचारलं, "काय झालं बे? कोणी पाडली?"

मी म्हणालो, "गार्डसाहेबांच्या हातून जरा सटकली. मी उचलायला उतरलो, म्हणून हे असं."

नळ दहा पावलांवर होता. त्यांनी ऐकलं. वळून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, फाट्यावर आरशात आम्ही त्यांना शोधायचो तसं. मग रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "चहा सांगा बापा." मला कुणी धमकावलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर दोन दिवस हसले असते, इतकंच. एवढ्याशा हसण्याला घाबरून मी एका म्हाताऱ्या माणसाच्या नावावर माझी चूक टाकली. परतताना नाक्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाचं काही सांगायचं?" सगळ्यांनी ऑल राइट म्हटलं. मीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेलो. त्या दिवसांत मी फार प्रेमळ झालो होतो. डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? "पाय घसरला," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून मान डोलावली. खांदा पूर्ण कधीच बरा झाला नाही. जड गाडी वळवताना हात खाली येई. चार महिन्यांनी त्यांनी मालगाडी बालाघाटच्या एका कंत्राटदाराला विकली आणि हलकी क्रूझर घेतली. बुटकी सीट, पाय पुढे पसरून बसायचं, दोन्ही तळवे आरामात जमिनीला टेकतात अशी. तिचं नाव त्यांनी पॅसेंजर ठेवलं. "वय झालं," असं सांगत. "आता पाय टेकले पायजे, बस." पुरीचं नाव दोघांच्याही तोंडून पुन्हा निघालं नाही. खांद्याला एवढा लांबचा रस्ता झेपणार नव्हता.

आणि मी? मी त्या क्रूझरवर तोंडसुख घेतलं. "गार्डसाहेब, मालगाडीचे डबे कुठं कटले?" "आरामखुर्चीला चाकं लावली का?" "उशी आणू का?" दर रविवारी नवीन काहीतरी. ते हसायचे. मला वाटायचं, सगळेच हसतात. आतून भीती होती. तो विषय म्हाताऱ्याच्या वयावर राहिला तर माझ्यावर येणार नाही, हा हिशेब होता. वर्षभराने मी स्वतः तसलीच जड गाडी घेतली आणि आणखी पुढे पळायला लागलो. नाक्यावर ते विचारायचे, "कोणाचं काही सांगायचं?" सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्यावर आली की ती क्षणभर थांबायची. मी ऑल राइट म्हणायचो. रुमाल हलायचा. पण जरा उशिरा.

शेवटच्या फेरीलाही तसंच झालं. थंडीचे दिवस होते, त्यांना दम लागत होता. नाक्यावर ते गाडीवरून उतरले नाहीत. बाकीचे गेल्यावर मी थांबलो, खरंच सांगायचं म्हणून थांबलो होतो. ते म्हणाले, "सेठ, काही सांगायचं?" माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "स्वेटर घालत जा, गार्डसाहेब." त्यांनी मान हलवली. "घालतो," म्हणाले, आणि पॅसेंजर हळूच फुलचूरच्या गल्लीत वळली. पंधरा दिवसांनी एका सकाळी त्यांनी चहा मागितला आणि तो येईपर्यंत ते गेले. तिरडीला मी खांदा दिला. तिथेही पुढेच होतो.

या दिवाळीनंतर माझी पाळी आली. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर, सपाट जमिनीवर, माझी जड गाडी पार्किंगमध्ये कलंडली आणि ती मला उचलता येईना. गुडघ्याने केव्हाच हात टेकले होते, मी मानत नव्हतो एवढंच. दोन ट्रकवाल्यांनी येऊन ती उभी केली. महिन्याभरात मी ती विकली आणि हलकी क्रूझर घेतली. बुटकी सीट, पाय पुढे. पहिल्या रविवारी तिच्यावर बसून नाक्यावर आलो. आता आपली पाळी, आता मास्तर आरामखुर्ची म्हणणार, कुणीतरी उशी विचारणार. मी वाट पाहत राहिलो. कुणी काही बोललं नाही. पटले मास्तरांनी सीटवर हात फिरवला, "बेस आहे. पाय टेकते ना नीट?" म्हणाले आणि आपली गाडी चालू करायला लागले.

मी म्हणालो, "कोणी काही म्हणत कसं नाही?"

"कायले म्हणायचं?" मास्तर म्हणाले. "गुडघे सगळ्यायलेच आहेत."

तिथे, त्या रहदारीत, माझ्या तोंडून निघालं. "मास्तर, गार्डसाहेबांची मालगाडी मी पाडली होती. खांदा माझ्यामुळे गेला."

मास्तरांनी गाडी बंद केली. "माहीत आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "अरे, चिखल तुझ्या कानात होता. त्यायच्या सदऱ्याची कॉलर पांढरीफक होती. गाडी त्यायनं पाडली असती तर कानात चिखल तुझ्या कसा गेला असता? चहा येईपर्यंत सगळ्यायले समजलं होतं. मी तर तिथंच तुले धरणार होतो. त्यायनं मले डोळ्यानं थांबवलं. संध्याकाळी सगळ्यायले फोन केला. म्हणे, सेठले कोणी काही इचारू नोका. तो सोताहून सांगन."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. आणि मग मला इतक्या वर्षांच्या त्या रविवारांतलं हसणं आठवलं. डबे कुठं कटले म्हणून मी हसायचो, तेव्हा कोण कोण हसायचं? मी एकेकाचा चेहरा आठवून पाहिला. एकही सापडला नाही. हसायचे ते गार्डसाहेब, माझा एकट्याचा आवाज उघडा पडू नये म्हणून. बाकी सगळे चहाच्या कपात पाहत असायचे. सगळ्या टोळीत ही गोष्ट लपलेली आहे असं वाटणारा मी एकटाच होतो. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी नाक्यावर समजलं. आत्ता लिहितानाही कान तापले आहेत.

मी कोहमाऱ्याला गेलो नाही. गाडी गल्लीत वळवली. काकू अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. पॅसेंजर पडवीत उभी होती, पुसलेली, स्टँडखाली ती सागाची फळी. पडवीत फरशी आहे, तिथे फळी लागत नाही. तरी होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोरेगाव, फोटो, स्टँड, खांदा, ढाब्यावर काय बोललो ते, डॉक्टरकडे मान डोलावली ते, आणि स्वेटरचंही. काकूंनी मधे एकदाही तोडलं नाही. पाण्याचा तांब्या रिकामा झाला होता, तो त्यांच्या हातात तसाच तिरपा राहिला.

"ते वाट पाहत होते," शेवटी त्या म्हणाल्या. "दर रविवारी घरी आले का मी इचारू, सांगतलं का त्यानं? ते म्हणत, सांगन, अजून खडीतून चालून राहिला."

मी पडवीतल्या फळीकडे पाहिलं.

"लय वेळ लावला रे, सेठ," काकू म्हणाल्या. "पुरीबी इतकी दूर नोहोती."

मग त्यांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. आता फेरीत मी सहावा असतो. नाक्यावर परत आलो की सगळे क्षणभर थांबतात. तो प्रश्न विचारायचा माझा अधिकार नाही, म्हणून मी विचारत नाही. पण माझ्याकडून सांगण्यासारखं काही असलं तर कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो.